चांगुणाबाईंचा पाट आणि आमच्या नलिनीताई

नलिनीताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. नेरूळला मी नुकताच जनावरांचा दवाखाना थाटला होता. एका संध्याकाळी डब्याच्या पिशवीत जखमी बोका घेऊन त्या आल्या. त्याने मला ओरबाडले आणि मी त्याच्यावर खेकसलो. "डॉक्टर, त्याचं दुखतंय म्हणून तो ओरडतोय. तुमचं काय दुखतंय?" ताईंनी विचारले. मी मुकाट्याने मलमपट्टी केली आणि त्या दिवसापासून त्यांच्या कामाला जो जुंपला गेलो, तो आजतागायत.

ताई तेव्हा न्हावा शेव्याला एका कचेरीत नोकरी करीत. सीवूड्सच्या घरी पोचल्या की पदर खोचून पुन्हा बाहेर. भटक्या कुत्र्यामांजरांची नसबंदी, लसीकरण, औषधपाणी, सारे त्यांनी अंगावर घेतले होते. तुर्भ्याला उभ्या ट्रकांखाली कुत्री झोपतात, म्हणून त्या चालकांना समजावत फिरत. एक चालक म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, मी हॉर्न मारतो ना." ताई म्हणाल्या, "तुम्ही झोपल्यावर कानाशी हॉर्न मारला तर चालेल? वाकून बघा." आणि स्वतःच रस्त्यावर गुडघे टेकून त्यांनी चाकाखाली पाहिले. तो ओशाळला आणि शेजारी वाकला.

माझी आई गेली तेव्हा दिवसकार्य आटोपेपर्यंत दवाखान्यातल्या मुक्या रोग्यांचे खाणेपिणे ताईंनीच सांभाळले. मला त्याबद्दल आभाराचे दोन शब्दही त्यांनी बोलू दिले नाहीत.

पण या कामाची खरी भागीदारीण करावे नावाच्या गावातल्या मासळी बाजारातली एक कोळीण. चांगुणाबाई रोज संध्याकाळी माशांची डोकी वेगळी काढून ठेवीत आणि ताई ती भातात शिजवून मांजरांना घालीत. ताईंच्या माहेरी कांदासुद्धा चोरून खावा लागे! पहिल्या दिवशी त्यांनी नाकाला पदर लावला, तेव्हा चांगुणाबाई म्हणाल्या, "नाक नको दाबू, मांजरा हसतील. ये बाय, बस. पानी पी." आणि त्यांनी आपल्या बसण्याचा पाट पुढे सरकवला. पुढे वर्षानुवर्षे ताई त्या बुटक्या पाटावर बसत आल्या. चांगुणाबाईंच्या गाळ्यावरचे नावही ताईंनीच रंगवलेले.

गेल्या हिवाळ्यात प्राणिहक्क कार्यकर्त्यांचे राष्ट्रीय संमेलन वाशीत भरले. ताई स्वागताध्यक्ष होत्या. नियम कडक होते. चामडे नको, रेशीम नको, दूधदही नको. चहासुद्धा सोयाबीनच्या दुधाचा. तो पिऊन आमच्यातलीच काही मंडळी केविलवाणी दिसू लागली होती. 'प्राणिजन्य कोणतीही वस्तू आत आणू नये' असा फलक ताईंनी आपल्या वळणदार अक्षरात दारावर लावला. उद्घाटनाचा दिवा चांगुणाबाईंनीच लावावा, हा हट्टही ताईंचाच. या दोन गोष्टींचे जमणार कसे, हे इतक्या शहाण्यासुरत्या माणसांत एकालाही सुचले नाही.

चांगुणाबाई ठेवणीतले रेशमी लुगडे नेसून आल्या, आणि कडेवर माशांच्या डोक्यांची टोपली. "जनावरांची सभा, मोकल्या हातानं कशी येऊ?" असे त्या दारावर म्हणाल्याचे मला मागाहून कळले. बाहेरगावच्या स्वयंसेवकाला त्या कोण, हे ठाऊक नव्हते. त्याने फलकाकडे बोट दाखवले. त्या माघारी फिरल्या.

ताईंचे स्वागताचे भाषण चालू होते. कुणीतरी व्यासपीठावर जाऊन त्यांच्या कानात हे सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि भाषण शेवटपर्यंत वाचले. भाषण करुणेवर होते. टाळ्यांचा कडकडाट झाला, दिवा पाहुण्यांनी लावला, आणि ताई धावत बाहेर गेल्या तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारात गेल्या. चांगुणाबाईंनी एवढेच विचारले, "दारावरचा अक्षर तुजाच हाय ना?" ताई "हो" म्हणाल्या. चांगुणाबाईंनी नेहमीसारखी डोकी बांधून दिली. आजही रोज देतात. त्यांच्या रागापायी एकही मांजर उपाशी राहिलेले नाही. पण पाट भिंतीला उभा टेकवलेला असतो आणि ताई उभ्या उभ्या पुडके घेऊन परततात. हे पाहताना मला फार वाईट वाटते.

गौरवग्रंथात असले काही लिहितात का, असे वाचकांना वाटेल. मीही हे गाळणारच होतो. ताईंनी बजावले, "ते लिहिणार नसाल, तर माझ्याबद्दल काहीच लिहू नका. भाषण संपवायला नको होतं मी, डॉक्टर." गेली कित्येक वर्षे मी त्यांना पाहतो आहे, पण त्यांचा आवाज असा पडलेला कधी ऐकला नव्हता.

ताई, पंचाहत्तरीनिमित्त सगळे तुम्हांला शंभर वर्षे मागतील. मी तुमच्या एकटीसाठी मागणार नाही. तितकीच चांगुणाबाईंसाठीही मागतो. तुमचे गुडघे धड राहोत, कारण पाट बुटका आहे. एखाद्या संध्याकाळी तो भिंतीवरून खाली येईल आणि "ये बाय, बस" असे तुमच्या कानी पडेल. तोवर तुम्हां दोघींपैकी कुणीही कुठे जायचे नाही.