ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं

बादलीभर पाणी जमिनीवर ओतलं आणि एक डाग विरघळला. मी खराटा तसाच हातात धरून उभा राहिलो.

मे महिन्यातला रविवार होता. नंदूशेठची जीप नुकतीच गॅरेजमधून गेली होती आणि ती रात्रभर उभी होती तिथली कोब्याची जमीन मी धूत होतो. काळ्या ऑइलचे थेंब सगळीकडे होते. ते असणारच होते. पाणी पडलं की असं ऑइल वर तरंगतं आणि त्यावर निळे-जांभळे रंग पसरतात. पण मधोमध, जराशा डाव्या अंगाला, तळहाताएवढा एक डाग होता. तो तरंगला नाही, त्यावर रंगही आले नाहीत. पाण्यात मिसळला आणि गेला.

आम्ही त्याला ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण ते ऑइल नव्हे. पाण्यात सहज मिसळतं. पेडल दाबलं की तो दाब नळ्यांमधून चाकापर्यंत नेण्याचं काम ते करतं. ते जमिनीवर असेल तर नळीत नाही, एवढा साधा हिशेब.

ब्लीडिंग करताना सांडलं असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ब्लीडिंग म्हणजे नळीत शिरलेली हवा काढून टाकणं. पण ते चाकापाशी करतात. हा डाग चाकांपासून लांब, चासीच्या खाली होता. त्या जागी वर काय आहे, ते मला माहीत होतं. आदल्या दिवशी मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझं गॅरेज नागावला, रस्त्याला लागून आहे. मागे घर. नंदू म्हात्रे गावातलेच, ट्रकचा धंदा. जीप त्यांच्या वडिलांची, म्हणजे आप्पांची. मिठागरावरून मिठाच्या गोणी ओढण्यासाठी आप्पांनी ती जुनी फोर बाय फोर घेतली होती. मिठागर सुटलं, जीप राहिली. नंदूशेठना ती पुन्हा उभी करायची होती. दर शनिवारी ते स्वतः जुने कपडे घालून यायचे आणि माझ्यासोबत गाडीखाली शिरायचे. एका शनिवारी नवे शॉक अॅब्सॉर्बर, एका शनिवारी पुढे अडकलेली गाडी ओढून काढायचा विंच, मग मोठे टायर. मोठे टायर आतल्या बाजूला घासायला लागले, म्हणून शेवटी गाडी उचलायची ठरली. म्हणजे स्प्रिंगचे जास्त कमानीचे पाटे घालून बॉडी वर घ्यायची.

त्या शनिवारी आप्पा स्वतः गॅरेजला आले होते. खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "जाधव, उद्या पालीला जायचा हाय. बल्लाळेश्वराला. याच गाडीतना."

"संध्याकाळपर्यंत तयार, आप्पा," मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं. मीच बोललो.

दुपारी नंदूशेठ जेवायला गेले तेव्हा मी मागचे पाटे बसवत होतो. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची लोखंडी नळी चासीला क्लिपांनी बांधलेली असते. गाडी वर गेली की ती नळी ताणली जाते, म्हणून क्लिपा सोडून मी ती जराशी वाकवली. एका क्लिपेखाली नळी गंजली होती. आमच्याकडे हे होतंच. खारा वारा आणि रेती क्लिपेच्या मागे जाऊन बसते आणि तिथे वर्षानुवर्षं काम करत राहते. मी नखाने खरवडलं. पापुद्रा निघाला आणि खाली खड्डा दिसला.

अशी नळी बदलायची असते, यात दोन मतं नाहीत. पण तेवढ्या लांबीची नळी माझ्याकडे नव्हती. अलिबागला फोन केला, तिथेही नव्हती. सोमवारी पनवेलहून आली असती. म्हणजे रविवारी गाडी नाही. म्हणजे आप्पांना जाऊन सांगायचं.

मी क्लिप परत लावली.

नंदूशेठ आले, आम्ही ब्लीडिंग केलं. ते आत बसून पेडल मारत होते, मी खाली. पेडल छान कडक आलं. बीचच्या रस्त्याला एक चक्कर मारली, सपाट रस्ता, गाडी जागच्या जागी थांबली. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "खालचा सगला बघितलास ना? चालंल ना?"

"चालेल," मी म्हणालो.

मग ऑइल मारलं. समुद्राकाठच्या बहुतेक जुन्या गाड्यांना पावसाळ्याआधी हे करतात. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल, त्यात थोडं डिझेल, आणि कंप्रेसरच्या गनने गाडीच्या पोटाला खालून फवारायचं. गंज लांब राहतो. खालचं सगळं काळंभोर आणि ओलं होऊन गेलं. त्या ओल्यात आता कुठून काय पाझरतंय, हे कोणालाच दिसलं नसतं. मलासुद्धा. असं गाडीचं पोट रात्रभर टपकत राहतं आणि नंदूशेठच्या बायकोला, वैशाली वहिनींना, अंगणात डाग नको होते, म्हणून जीप माझ्याकडेच राहिली. सकाळी नंदूशेठनी येऊन नेली. वहिनी आणि आप्पांना घरून घेऊन ते निघणार होते.

खराटा टाकून मी नंदूशेठना फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्या जीपचा आवाज एवढा की खिशातला फोन ऐकू येणं शक्य नव्हतं. पुन्हा लावला. मग वहिनींना लावला. त्यांनी उचलला.

"वहिनी, गाडी थांबवा!"

"हॅलो? कोन? जाधवभाऊ? काय ऐकाया येत नाय, या गाडीचा आवाजच बघा कसा हाय!"

"थांबा! वहिनी, थांबा!"

"व्हय, व्हय, थांबनार ना! पोयनाडला थांबनार, नाश्त्याला! गाडी मस्त चाललीय भाऊ, आप्पा पन खूश हायेत!" मागे आप्पा काहीतरी बोलले, वहिनी हसल्या आणि फोन कट झाला.

अलिबागहून पोयनाडला जायचं तर मध्ये कार्ले खिंड आहे. चढ चढायचा आणि मग वळणं घेत पलीकडे उतरायचं. पोयनाड उताराच्या पलीकडे.

पुन्हा लावला. उचलला नाही.

सुजाता, माझी बायको, दारात आली. "काय झालं? चेहरा असा का झालाय?"

"नंदूशेठच्या गाडीचा ब्रेक गळतोय."

"मग सांगा ना त्यांना."

"काल सांगायला हवं होतं."

तिने एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि मोटारसायकलची चावी आणून दिली.

त्या प्रवासातलं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मुंबईच्या गाड्या समोरून येत होत्या, रांगच्या रांग, आणि ओव्हरटेक करायला जागा मिळत नव्हती. डोक्यात एकच गोष्ट होती. आजच्या गाड्यांना ब्रेकची दोन सर्किटं असतात. एक फुटलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. या जीपला एकच सर्किट. एका ठिकाणी नळी गेली की चारही चाकं गेली. हँडब्रेक आहे, मी स्वतःला समजावत होतो. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. नंदूशेठ जुने ड्रायव्हर आहेत, हँडब्रेक ओढतील.

आणि तेव्हाच मला आठवलं. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर त्याचा ड्रम असतो. गाडीच्या पोटात, अगदी मधोमध. काल गन मी तिथेही फिरवली होती. ड्रम झाकायला हवा होता. झाकला नव्हता. जळकं ऑइल आत गेलं असेल तर तो ब्रेक नुसता सरकत राहणार.

चढावर रस्ता सुका होता. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की चढावर ब्रेक कोण दाबतं?

माथ्यावरून उतरायला लागलो. पहिलं वळण, काही नाही. दुसऱ्या वळणाआधी डांबरावर ओला पट्टा दिसला, सरळ, पुढे जाणारा. त्याच्या पुढच्या वळणावर माणसं उभी होती.

जीप डोंगराच्या बाजूला गटारात होती. नाक खाली, मागचं एक चाक अधांतरी. नवा विंच पुढून वाकडा झालेला. दुसऱ्या बाजूला दरी होती. मी मोटारसायकल स्टँडला न लावताच सोडली, ती पडली.

नंदूशेठ उभे होते. वहिनी उभ्या होत्या, ओढणीने कपाळ पुसत. आप्पा एका दगडावर बसले होते आणि डावा हात उजव्या हाताने धरून ठेवला होता. मनगट सुजायला लागलं होतं. पण तिघंही होते.

"पेडल खाली गेला रे जाधव," नंदूशेठ म्हणाले. "एकदम तळाला. हँडब्रेक ओढला तं त्यो बी लागला नाय. मग पैल्या गिअरला टाकली आन् डोंगराला घासत नेली. गटार दिसला तसा घातली आत."

दुसरा कोणी असता तर दरीकडे गेला असता, असं जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला.

"माझीच चूक हाय," नंदूशेठ पुढे म्हणाले. "सकाली निघताना ब्रेक ऑइलच्या टाकीचा झाकण खोलून ऑइल बघितला मी. नीट लावला नसंल."

"तरी मी सांगत होते," वहिनी तडकल्या. "मेकॅनिकच्या कामात हात घालू नका! दर शनवारी गाडीखाली झोपून काय मेकॅनिक व्हतो मानूस? भाऊनी एवढी मेहनत केली, ती घातली गटारात. भाऊ, तुमीच सांगा आता यांना."

मी सांगितलं नाही. मी ऐकत राहिलो. खाली वाकून नळी बघण्याचं नाटकसुद्धा केलं. त्या टाकीचं झाकण जरा सैल राहिलं म्हणून पेडल असं तळाला जात नाही, हे मला कळत होतं आणि त्यांना कळत नव्हतं. तेवढा वेळ मी त्यांच्या न कळण्याच्या आडोशाला उभा होतो. पुढे जे कबूल केलं त्यापेक्षा त्या थोड्या वेळाचीच मला जास्त लाज वाटते. हे मी आजवर सुजातालाही सांगितलेलं नाही.

आप्पांनी मान वर केली.

"जाधव, तुला कुनी सांगितला?"

"काय, आप्पा?"

"आमी पडलो त्ये. कुनी तुला फोन केला नाय. तू कसा आला पलत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनींना सकाळचा फोन आठवला असावा. त्यांचा चेहरा बदलला.

"नळी गंजलेली होती," मी म्हणालो. "काल मी बघितली होती. नवी मिळाली नाही, म्हणून तीच ठेवली. झाकणाचा काही संबंध नाही, वहिनी. आणि हँडब्रेकमध्ये ऑइल गेलंय, तेही माझ्याच गनने."

नंदूशेठ हळू आवाजात म्हणाले, "मी इचारला व्हता तुला."

"हो."

"मग?"

"आप्पांना पालीला जायचं होतं," मी कसंबसं म्हणालो.

आप्पा म्हणाले, "फुडल्या आयतवारी गेलो असतो. देव काय पलून चालला व्हता?"

ते रागाने म्हणाले नाहीत. खरंच विचारल्यासारखे म्हणाले. वहिनींनी पाठ फिरवली आणि येणाऱ्या गाडीला हात केला. मी पुढे झालो, तर त्या म्हणाल्या, "तुमी नका येऊ." आप्पांना त्या अलिबागला दवाखान्यात घेऊन गेल्या. मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं.

क्रेन आली तेव्हा मी साखळी लावायला मदत केली. ड्रायव्हरने विचारलं, "नागावला टाकू ना?" नंदूशेठनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "नाय. पेनला."

दोन दिवसांनी मी पेनच्या गॅरेजवाल्याला फोन केला. नळीचा तुकडा जोडू नका, पुढून मागपर्यंत सगळी नवी टाका. हँडब्रेकचा ड्रम खोलून लायनर बदला, नुसते धुऊन चालणार नाहीत. मोठ्या टायरांमुळे ब्रेकवर जोर जास्त येतोय, तेही बघा. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, एवढं माहिती आहे तर गाडी आमच्याकडे कशी आली?" मी म्हणालो, म्हणूनच आली.

जीप पुन्हा रस्त्यावर आहे. गावातून जाते तेव्हा आवाजावरून कळतं. माझ्या दारात थांबत नाही. नंदूशेठ दिसले तर मान हलवतात. वहिनी हलवत नाहीत. आप्पा प्लास्टर निघाल्यावर पालीला जाऊन आले, एसटीने.

गॅरेजात मी एक गोष्ट बदलली. खराब पार्ट दिसला की हातातलं काम थांबवतो आणि गिऱ्हाइकाला गाडीखाली वाकायला लावून तो दाखवतो. गाडी आज मिळणार नाही, हेही तिथेच सांगतो. लोक वैतागतात. घरी पाहुणे आलेत म्हणतात, लग्नाला जायचंय म्हणतात, पलीकडच्या गॅरेजमध्ये लगेच करून देतात म्हणतात. काही जण पुन्हा येत नाहीत. बाकीचे चिडून रिक्षाने घरी जातात. जाऊ देत.