वश्याची ‘उभी’

वश्या अंथरुणात गेला.

आयुष्यभर सायकलवरून पडत आलेला माणूस. नडगी, ढोपर, खांदा, काय काय फोडून घेतलं. आणि आज पहाटे झोपेत गेला, साधा आवाजही न करता.

त्याला हे अजिबात आवडलं नसतं.

लालबागला आमच्या खोल्या एकाच मजल्यावर होत्या. वसंत माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण मी त्याला वश्याच म्हणायचो. मिलमध्ये तो साचेखात्यात, कापड विणायचे चार साचे एकटा सांभाळायचा. मी त्याच खात्यात बदली. कोणी खाडा केला तर मला काम, नाहीतर घरी.

मग संप झाला आणि सगळेच घरी.

पाळी सुटली की मिलच्या गेटसमोर पाऊल ठेवायला जागा नसायची. तो रस्ता मोकळा पडला. खोलीत बसलं की बायको रिकामे डबे उघडून परत लावायची. ते बघवायचं नाही. म्हणून वश्या काळी दांड्याची सायकल घेऊन खाली उतरायचा आणि मला हाक मारायचा.

"बाळ्या, चल. बसून गंज चढेल."

पुलाचा उतार, गेटपुढचा चौथरा, कापसाचे ट्रक लागायचे तो धक्का. हीच आमची शाळा.

तो हात सोडून चालवायचा. हँडलवर उलटा बसून चालवायचा. सीटवर उभा राहून पूल उतरायचा. पण त्याचा सगळ्यात भारी स्टंट म्हणजे ‘उभी’. सायकल जागच्या जागी थांबवायची, पाय खाली टेकवायचा नाही. बिडी संपेपर्यंत तसाच उभा. त्या सायकलीला जणू भिंतीचा टेकू आहे.

मला कॅरियरवर उभं राहून चालवायला शिकवलं ते अजून आठवतं. आधी सीट धरून मागे पळायचा.

"सोडू नकोस हां वश्या."

"धरलंय मेल्या. तू पुढच्या खांबाकडे बघ. मागे बघितलंस की पडलास."

मी मागे बघितलं. तो वीस पावलांवर, पायजम्याच्या खिशात हात घालून उभा.

मी सरळ मिलच्या भिंतीवर. भिंतीवर संपाची घोषणा रंगवलेली, रंग ओला. सदऱ्यावर लाल अक्षरं उमटली, तीही उलटी.

"आता चाळीतल्या बायका तुला आरशात धरून वाचतील," वश्या म्हणाला. आणि खरंच, आठवडाभर वाचलं मला त्यांनी.

हसण्यासारखे दिवस नव्हते. पण हसलो.

वरीस उलटून गेलं. रोज नाक्यावर एकच बोलणं, गेट कधी उघडणार.

एका दुपारी वश्या सीटवर उभा, दोन्ही हात पसरून पूल उतरत होता. मी खाली.

आणि भोंगा झाला.

आमच्याच मिलचा. इतक्या दिवसांनी. आख्खी चाळ गॅलरीत आली. काही जण तर डबा न घेताच धावले.

वश्याने मान वळवली मिलकडे. उजवा हात सवयीने खिशाकडे गेला, गेटचा पास चाचपायला. सीटवर उभा असताना.

पडला तो. उजवं मनगट मोडलं.

भोंगा टेस्टिंगचा होता. आतल्या कोणीतरी वाजवून बघितला. गेट बंदच.

हाड बसवलं ते वाकडंच बसलं.

काही महिन्यांनी मिलने थोडी माणसं परत घेतली. गेटच्या आत टेबल, साचेखात्याचा मास्तर, आणि त्याच्या हातात तुटलेला धागा. लाइनीत वश्या पुढे, मी मागे.

"सांध," मास्तर म्हणाला.

हे काम वश्या पूर्वी न बघता, एका हाताने करायचा. त्या दिवशी तीनदा गाठ सुटली. बोटं वळत होती, मनगट वळत नव्हतं.

मास्तरने धागा काढून घेतला. "तुझं नंतर बघू. पुढचा."

पुढचा मी.

मी गाठ मारली. मला घेतलं. आणि उभं कुठे केलं, तर वश्याच्याच चार साच्यांवर.

आत जाताना मला माहीत होतं, तो गेटबाहेर सायकल धरून उभा आहे. मी वळलो नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

पुढे मिल कायमचीच बंद पडली, मीही रस्त्यावर आलो. लोक म्हणतील फिट्टंफाट झाली. तसं होत नाही हो.

वश्याने फुटपाथवर सायकल रिपेअरिंगचं दुकान मांडलं. मिलच्या जागी टॉवर आले. तिथल्या गुळगुळीत पायऱ्यांवर हल्ली तरुण पोरं-पोरी छोट्या चाकांच्या सायकली उडवतात, सिक्युरिटीवाला शिट्टी मारत मागे. वश्या वाकड्या हाताने त्यांना शिकवायचा.

"उडी कोण पण मारेल. आधी ‘उभी’ करून दाखव."

गेल्या महिन्यात त्याच्या खोलीवर गेलो. आवाज पार बसला होता. इतकी वर्षं घशात अडकलेलं बोललो शेवटी.

"वश्या, त्या दिवशी मी मागे वळून बघितलं नाही रे."

कुठला दिवस, हे त्याने विचारलं नाही.

"बघितलं असतंस तर पडला असतास, मेल्या."

एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून झोपला. माफ केलं का टोमणा मारला, मला कळलं नाही. परत विचारायचं होतं. आता राहिलं.

आज भोईवाड्याच्या स्मशानात त्याला पोचवून निघालो. पुढून कोणीतरी जुनं माणूस म्हणालं, "मागे वळून बघायचं नाही रे कोणी."

सगळे सरळ चालले. फाटकाशी मी थांबलो.

बघितलं. बराच वेळ बघितलं.

पडलो नाही, वश्या.

सावकाश जा.