पिशवी काढलेल्या बाईची बुडी

गोव्याच्या जेटीवर पत्र्याच्या शेडखाली एक टेबल होतं आणि टेबलावर दोन पानी फॉर्म. समुद्राखाली उतरायचं तर तो भरायचा. दमा आहे का, फिट येते का, कान फुटतो का, असं बरंच विचारलं होतं. मी 'नाही'वर खुणा करत गेले. दुसऱ्या पानावर होतं, मोठं ऑपरेशन झालंय का. मी 'हो'वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर लिहिलं, गर्भाशय काढलं, सहा वर्षांपूर्वी.

टेबलामागच्या माणसाने ते वाचलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. "मावशी, मग डॉक्टरांचं पत्र लागेल. त्याशिवाय नाही नेता येणार."

माझा मुलगा शेजारीच उभा होता. तो कानाशी वाकून म्हणाला, "आई, दुसरा फॉर्म घे. 'नाही' म्हण. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," मी म्हटलं.

तो आणि सूनबाई बोटीत बसून गेले. मी हातात फॉर्म घेऊन जेटीवर उभी. मागे माझे मालक आणि माझी नणंद बाकावर बसलेले. दोघांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, आणि मला राग आला तो त्याचाच.

मुंबईहून निघायचं, गोव्याला एक दिवस, मग लक्षद्वीपच्या एका बेटावर एक दिवस आणि परत, अशी ती जहाजाची सहल होती. मुलाने सगळ्यांना नेलं. मालकांचं कापूरहोळ फाट्यावर टायर-पंक्चरचं दुकान, ते कधी बंद राहत नाही. ते त्यांनी आठवडाभर बंद ठेवलं. वेल्ह्याहून नणंद आली, तीन दिवस टिकतील एवढ्या दशम्या बांधून. मी भोंगवलीत अंगणवाडी चालवते, मी रजा टाकली. मुलाचं ठरलं होतं की दोन्ही ठिकाणी ते नवरा-बायको स्कूबा करणार आणि आम्ही म्हाताऱ्यांनी किनाऱ्यावर फिरायचं. मी म्हटलं, माझंही नाव घाल.

"या वयात पाण्याखाली काय ठिवलंय तुझं?" मालक म्हणाले.

नणंद तर हादरलीच. "वयनी, पिशवी काढलेल्या बाईनं हंडा उचलू न्हाई. आन् तू ते नळकांडं पाठीवर घिऊन समुद्रात उतरणार?"

ऑपरेशन झाल्यापासून सहा वर्षं हे वाक्य माझ्या घरात राहत होतं. हंडा उचलू नको, पोतं ओढू नको, सायकल नको, जिना नको. नातेवाइकांना 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच सांगितलेलं, जसं काही मी काही चोरून आणलं होतं. चोपन्न वर्षांच्या बाईला घरात सगळे काचेच्या बरणीसारखं इकडून तिकडे ठेवत होते. प्रेमानेच. पण मला त्या प्रेमाचा वीट आला होता.

आणि पाण्याची मला भीती नव्हती. लहानपणी आमच्या वस्तीतल्या पोरी गावच्या मोठ्या विहिरीत उतरत नसत. का, ते कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. माझे वडील मला नदीच्या डोहावर घेऊन गेले, पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधला आणि ढकलून दिलं. काठावर गुरं राखणारा एकजण म्हणाला, पोरीच्या जातीला कशाला शिकवता पोहायला. वडील म्हणाले, "पाणी काय कुणाच्या बापाचं न्हाई." पावसाळ्याआधी मी डब्याशिवाय पलीकडे जाऊन येत होते.

तर गोव्याहून जहाज सुटल्यावर मी कुणाला न सांगता खालच्या मजल्यावरचा दवाखाना शोधला. डॉक्टर तिशीतली, नागपूरकडची निघाली. मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला. तिने टाक्यांची जागा पाहिली, बीपी घेतलं, छाती तपासली, दोन जिने चढून उतरायला लावलं आणि परत नाडी धरली.

"वजन उचलू नका असं कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"तवाच्या डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेलं. घरच्यांनी सहा वर्षं केली."

ती हसली नाही. कागदावर लिहून, सही-शिक्का मारून म्हणाली, "जखम केव्हाच भरलीय. कान दुखला तर मात्र हट्ट करायचा नाही, वर यायचं. बाकी खुशाल जा."

संध्याकाळी डेकवर मी ते पत्र मालकांना दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. मला वाटलं, आता भांडण होणार. ते म्हणाले, "तुला आत नेलं तवा मी व्हरांड्यात सात तास बसलो व्हतो. कुणी काय सांगंना. मला परत तसं बसवू नको."

सहा वर्षांत हे ते पहिल्यांदा बोलत होते. त्या क्षणी 'बरं, नाही जात' म्हणणं सोपं होतं, आणि गेली सहा वर्षं मी तेच म्हणत आले होते.

"तुमी घाबरला, ते मला कळतंय," मी म्हटलं. "पर तुमच्या भीतीची राखण मी किती वर्सं करू? तुमी बसा न्हाईतर उभं ऱ्हावा. मी उद्या जाणार हाय."

ते उठून गेले.

सकाळी जहाज लांब थांबलं आणि छोट्या बोटींनी आम्हाला बेटावर सोडलं. इथेही तोच फॉर्म. मी पुन्हा तेच खरं लिहिलं आणि वर पत्र ठेवलं. शिकवणारा तिथलाच माणूस होता, मोडकी हिंदी बोलणारा, समंजस. त्याने पत्र नीट वाचून मान हलवली. रबरी पोशाख चढवताना सूनबाईला आणि मला घाम फुटला. साडीशिवाय आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उभी होते. दोन बायका माझ्याकडे बघून काही बोलल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले, तेव्हा त्यांनीच नजर वळवली.

कमरेएवढ्या पाण्यात त्याने तोंडाने श्वास घ्यायला शिकवलं, नाक दाबून कान मोकळे करायला शिकवलं, हाताच्या खुणा शिकवल्या. मग आत नेलं. तो मागून माझ्या पाठीवरची हवेची टाकी धरून होता. दोन माणसांच्या उंचीइतकं खोल गेलो असू. खाली शिंगांसारखी, पानकोबीसारखी पोवळी पसरलेली आणि त्यांच्यावर हिरवे-निळे जाड ओठांचे मासे. ते पोवळं कुरतडत होते आणि भाजके फुटाणे चावल्यासारखा तो आवाज मला ऐकू येत होता. इतका आनंद झाला की मी वळून त्याला अंगठा दाखवला. म्हणजे, झकास.

त्याने लगेच मला वर आणलं.

डोकं पाण्याबाहेर आल्यावर कळलं, तिथे अंगठ्याचा अर्थ 'वर न्या' असा असतो. त्याने सांगितलेलंही होतं, मी आनंदात विसरले होते. किनाऱ्यावरून नणंदेचा आवाज आला, "बघा, म्हटलं न्हवतं? भ्यायली." मुलगाही पाण्यात धावत येत होता. शिकवणारा म्हणाला, बस झालं का मावशी, वर आलेले बहुतेक लोक पुन्हा जात नाहीत.

"मला काय झालेलं न्हाई," मी मोठ्याने म्हटलं, किनाऱ्यापर्यंत जाईल असं. "माझा अंगठा चुकला. परत चला."

दुसऱ्यांदा मी बोटांचं वर्तुळ, म्हणजे 'ठीक आहे', करून दाखवत राहिले. एकदा डोळे-नाक झाकणाऱ्या त्या चष्म्यात पाणी शिरलं, नाकात खारट झोंबलं, छाती धडधडली. त्याने डोळ्यांसमोर हात धरून हळू, हळू असं दाखवलं. मी चष्म्याची वरची कड दाबून नाकाने जोरात हवा सोडली, पाणी गेलं. मग एक कासव दिसलं. ते आमच्याकडे न बघता निघून गेलं, आपल्या कामाला. तेही मला आवडलं.

बाहेर आले तेव्हा मालक बूट-मोज्यांसकट गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी हात पुढे केला. "टाकी जड हाय का?" एवढंच विचारलं.

"हाय," मी म्हटलं. "ऱ्हाऊ द्या, मीच नेते."

गावी परतल्यावर सुनेने पाठवलेले फोटो मोबाईलवर फिरले. अंगणवाडीत पोरं सोडायला येणाऱ्या बायकांनी मासे-बिसे काही विचारलं नाही. एकीने पदर सावरत हळूच विचारलं, "बाई, तुमची पिशवी काढलीय ना? मग चालतंय व्हय असलं?" मी म्हटलं, व्हय, काढलीय, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दोन दिवसांत पिशवी काढलेल्या अशा चार जणी निघाल्या. एकमेकींच्या शेजारी राहून एकमेकींना माहीत नव्हतं.

त्यातली एक पस्तिशीची. ऑपरेशनला दोन वर्षं झालेली, भात लावायला आणि माहेरी जायलाही बंदी. मी तिला म्हटलं, मी डॉक्टर नाही, माझं ऐकू नको आणि सासूचंही ऐकू नको. एसटीने आम्ही दोघी भोरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे, कामाला लागा. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून रडली, मग म्हणाली, भूक लागली. स्टँडवर घेतलेली भजी आम्ही संपवली.

तिची सासू दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आली. वयाने मोठी, तिला मी बसायला पाट दिला, ती बसली नाही.

"तुमी समुद्रात बुडा न्हाईतर आभाळात उडा," ती म्हणाली. "आमच्या सुनंला कशाला बिघडवलं?"

मालक ओट्यावर चहा पीत होते. ते काही बोलतील म्हणून मी थांबले नाही.

"व्हय," मी म्हटलं. "बिघडवलं. आनखी तिघी हायेत. सोमवारी त्यांना घिऊन चाललेय."