काकीच्या हाताच्या मापाची चौकट

"आधी बघू तर," असं म्हणून काका उकिडवे बसायचे. समोर मोडकी खुर्ची असो, गळका नळ असो, नाहीतर मी लिहिलेलं पत्रक असो. कोपरं गुडघ्यांवर, हनुवटी मुठीवर आणि नजर त्या वस्तूवर. तोवर बोलावणाऱ्याने केलेला चहा थंड होऊन जायचा.

सातपूरला आमच्या गल्लीत, आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. यंत्रं पाठवायची लाकडी खोकी ठोकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ठेकेदार बदलत गेले, ठोकणारा हात तोच राहिला. खोक्यावर कंपनीचं नाव, यंत्राचं नाव, लाल अक्षरांत 'सांभाळून उचला' अशी सूचना. ते खोकं करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. माझे वडील कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटायचे आणि मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे मला या गोष्टीचा संताप यायचा. अजूनही येतो. मी तावातावाने अर्ज लिहून त्यांच्याकडे न्यायची. ते कागद फरशीवर ठेवून त्याच्यासमोर उकिडवे बसायचे.

"लय चांगलं लिवलंय, लीडर. पण 'ज्वलंत' तीनदा आलंय. एखादं काढ, नायतर कागद पेटंल."

सही मात्र करायचे.

काकी, म्हणजे त्यांची बायको, गोधड्या शिवायची. गल्लीतल्या निम्म्या घरांत तिच्या हातची गोधडी होती. जुनी लुगडी एकावर एक पसरायची, त्यांच्यावरच बसायचं आणि धावदोरा घालत सरकत राहायचं. मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसणं बंद केलं, तशी सुईही बंद झाली. विंचूरला दिलेल्या लेकीसाठी जोडून ठेवलेले थर खाटेखाली घडी होऊन पडले. काकी दारात खुर्चीवर बसून असायची, हात मांडीवर.

"एवढी एक व्हायला पायजे होती," ती म्हणायची. "पोरीला मी एकबी दिली नाय. सगळ्या गल्लीला वाटल्या."

काकांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे आले. "तुझ्या त्या फोनमधी बघ की, खुर्चीवर बसून गोधडी शिवायचं काही निघतंय का."

निघालं. लाकडी चौकट, दोन टोकांना दोन गोल दांडे. कापड एका दांड्यावरून सोडायचं, शिवलेलं दुसऱ्यावर गुंडाळायचं. काकांनी ते इतक्या वेळा बघितलं की माझ्या फोनची बॅटरी संपली. मग फेकून दिलेल्या खोक्यांच्या फळ्या आणल्या, खिळे उपटले, ओट्यावर काम मांडलं. खोक्याला रंधा कोणी मारत नाही. या चौकटीला त्यांनी तीनदा मारला. वरून तळहात फिरवून बघायचे, दोऱ्याला कुसळ लागायला नको म्हणून. पंधरा दिवसांनी चौकट उभी राहिली तेव्हा गल्ली बघायला आली.

काकीने तिच्याभोवती एक फेरी मारली. "मला काय यंत्र पॅक करून पाठवायचंय व्हय?"

"बस तर खरी."

ती बसली. सुई चालू लागली. काका भिंतीला टेकून उभे होते, लग्नघरातल्या माणसासारखे. एक कड शिवून झाली, कोपरा आला आणि काकीचा हात थांबला.

"पुढची कड कुठंय?"

पुढची कड दांड्यावर गुंडाळलेली होती. काकी कडेकडेने शिवत जायची. चौकोनाच्या आत चौकोन, असं फिरत मध्याकडे. तिच्या आईने, आजीने तसंच शिवलेलं. दांड्यांची चौकट फक्त इकडून तिकडे सरळ ओळी मागत होती.

"सरळ शिव ना मग," मी म्हणाले.

"सरळ शिवायला ती काय पोतं हाय?"

काकांनी घरातली जुनी गोधडी काढली, फरशीवर पसरली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं पांघरतोय, लीडर. बघितली नाय."

मला हसू आलं नाही. श्रमावर पत्रकं लिहिणारी मी, काकीच्या शिवण्याला मीही कधी काम म्हटलं नव्हतं. माझ्या एकाही ओळीत ती नव्हती.

त्यांनी दांडे काढून टाकले. नवी चौकट सपाट केली, गोधडीएवढी. रुंदी ठरवायला काकीचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुतळीने मोजला, मध्यापर्यंत हात पोचावा म्हणून. चौकट नुसतीच दोन लाकडी घोड्यांवर टेकवलेली. कोपरा आला की काका ती उचलायचे, वळवून ठेवायचे, पुढची कड काकीसमोर यायची. ती खुर्चीवरून हलायची नाही. दिवसभर त्यांच्या घरातून भांडण ऐकू यायचं. "हळू फिरवा, दोरा तुटंल." "दोरा तुटंल म्हणती, माझी कंबर तुटली त्याचं काय?" इतकं सुखाचं भांडण आमच्या गल्लीत दुसरं नव्हतं.

माघात काकीला ताप आला. दवाखान्यात नेलं, ती घरी आली नाही. गोधडीच्या मध्यावर वीतभर जागा राहिली होती.

दहाव्याला निफाडहून आलेल्या तिच्या बहिणीने गोधडी तशीच गुंडाळून ठेवायला सांगितलं. काका म्हणाले, "पोट उघडं हाय तिचं. तशी नाय ठेवायची." मग मला समजावलं: गोधडीचा मध्य म्हणजे तिचं पोट. मिटवण्याआधी त्यात भाकरीचा तुकडा घालायचा, ती उपाशी राहू नये म्हणून. काकी प्रत्येक गोधडीत घालायची.

पाहुणे गेल्यावर ते काकीच्या खुर्चीवर बसले. मी सुई ओवून दिली. एक बाजू शिवायचे, उठायचे, चौकट फिरवायचे, पुन्हा येऊन बसायचे. मी हात लावायला गेले तर नको म्हणाले. टाके जाडे पडत होते, पण वळण तिचंच होतं. चार दिवसांनी तुकड्यापुरती जागा उरली.

त्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. परातीत बाजरीचं पीठ, शेजारी तांब्या.

"ती पिठात मीठ घालायची का गं?"

मला माहीत नव्हतं. भाकरी बाईनेच का करायची, म्हणून मी ती शिकलेच नव्हते. तत्त्व आजही चुकीचं वाटत नाही. पण काकीच्या हातची भाकरी मी लहानपणापासून खाल्ली होती, आणि मला सांगता येईना.

त्यांनी दोन थापल्या, एक मीठ घालून, एक तशीच. दोन्ही जाड, कडेला करपलेल्या. पहिलीचा घास बराच वेळ चावला आणि मान हलवली. दुसरीचा घेतला. चावता चावता थांबले.

"हीबी नाय," म्हणाले.

मग दोन्हींचा एकेक तुकडा मोडून त्यांनी गोधडीच्या पोटात ठेवला, आणि सुईसाठी माझ्यापुढे हात केला.