खिडकीचं पाऊच

सोनीबाई गेली, हे मला सूर्यमाळच्या जीपवाल्यानं सांगितलं. जव्हारच्या बाजारात माझ्या दुकानापुढे गाडी थांबवून तो म्हणाला, "भाई, ती चटणीवाली वारली. चार दिवस ताप होता." आणि त्याच दमात पिशव्यांचे दोन गठ्ठे मागितले. मी दिले...

मी पाऊच आणि पिशव्या विकतो. गिऱ्हाईक रंग बघतं, छपाई बघतं. सोनीबाई पहिल्यांदा आली ती पाड्यातल्या बायकांच्या गटाची खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी घेऊन, आणि तिनं विचारलं, "यातून वारा जातो का?" तिनं तीन तऱ्हेची पाऊच नेली, एकाच दिवशी कुटलेली चटणी तिन्हींत भरली आणि पावसाळाभर घरात टांगून ठेवली. दसऱ्यानंतर ती माझ्यासमोर फोडली. "खा." साध्या प्लास्टिकमधली खवट झाली होती. पारदर्शक खिडकीच्या कागदी पाऊचमधली खवट तर होतीच, वर ओलसरही. आतून चांदीसारखा थर असलेल्या पाऊचमधली मात्र कालच कुटल्यासारखी. "उजेड लागला का खुरासणीचं तेल बिघडतं, भाई. हेच दे."

पुढे मुंबईचा एक व्यापारी मोठी मागणी घेऊन आला. त्याला तपकिरी कागदाचं, खिडकीचं पाऊच हवं होतं. माल आतून दिसला पाहिजे, गावाकडचा वाटला पाहिजे. सोनीबाई माझ्याच दुकानात, गटातल्या सगळ्या बायकांसमोर, नाही म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. पण खिडकीची पाऊच माझ्या गोदामात न खपता पडून होती... मी म्हणालो, "दोन-तीन महिने सहज टिकेल, बाई." तेव्हा ती हो म्हणाली, आणि चटणी खिडकीच्या पाऊचमधून मुंबईला गेली.

माल खवट होऊन खोक्यांसकट परत आला. व्यापारी पाड्यावर येऊन बोलला, "तुमची भांडीच स्वच्छ नसतात." पाऊचचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. गट मोडला. तिच्यासोबत कुटायला बसणाऱ्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. त्या दिवाळीनंतर ती मला एसटी डेपोत दिसली, डोक्यावर बोचकं, वसईकडे वीटभट्टीवर निघालेली. तिनं हाक मारली, "भाई, बेस ना?" मी मान हलवली आणि फोन कानाला लावला. फोन आलेला नव्हता.

ती वारल्यावर महिनाभरानं मी पाड्यावर गेलो. तिच्या सुनेनं कोरा चहा दिला. मी म्हणालो, "चूक माझी होती. मला माहीत होतं."

"आईलाबी माहीत होतं," ती म्हणाली. "गोदामाचं दार उघडं होतं ना. पडून राहिलेले गठ्ठे दिसत होते."

"मग ती हो का म्हणाली?"

"तुम्ही बोलून बसलात, भाई. एवढ्या बायांसमोर तुम्हाला खोटं कसं पाडायचं, म्हणाली."

मी कप खाली ठेवला. पडवीच्या दारात तिचं मुसळ चौकटीला टेकून तिरकं उभं होतं. टोकाला खुरासणीच्या तेलाचा काळा डाग होता... ते बाजूला सारल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं, आणि मला त्याला हात लावायचा धीर होईना. शेवटी सुनेनंच ते उचललं.