सुभद्राकाकूंच्या ओसरीवरचं पस्तान

मागच्या वर्षी २५ मे, रविवार. मी पलंगावर नातीचे कपडे मांडून बॅग भरत होते. समोरच्या सुभद्राकाकू न बोलावता आल्या, अर्धी भरलेली बॅग डाव्या हातानं उचलून पाहिली आणि धपकन खाली सोडली.

"दोन दिवसाला जायलीस का नांदायला जायलीस?"

आमच्या सिरसाळ्यातल्या गल्लीत कुणीही गावाला निघालं की काकू हेच करायच्या. डाव्या हातानं बॅग उचलली तर पास. नाही उचलली तर तिथंच फतकल मारून चेन उघडायच्या. डावाच हात कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "उजव्या हातात लेकरू नसतंय का?" त्या म्हणाल्या.

त्यांच्या माहेरी मेंढरं होती. वर्षातले बरेच महिने बिऱ्हाड घोड्यावर. लोकांना वाटायचं, काकूंना त्या दिवसांचं कौतुक असेल. त्यांना वैताग होता. "लई फिरले. आता तुमी फिरा, मी बघते," म्हणायच्या. लग्न होऊन गावात आल्यावर फार तर नारायणगडापर्यंत जायच्या, तेही कुणी जीपमध्ये बसवलं तर.

आम्ही निघालो होतो पुण्याच्या पुढच्या एका मोठ्या पार्कला. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, राहायला हॉटेल. नात ओवी दोन वर्षांची व्हायची होती. सून स्नेहल तिला घेऊन आधीच आली होती. मुलगा संदीप सोमवारी पुण्याहून गाडी आणणार आणि मंगळवारी आम्ही सगळे निघणार, असं ठरलं होतं. स्नेहलनं पलंगावर काढून ठेवलेलं सामान बघून मलाच घाम फुटला होता. डायपर, दुधाचे डबे, बाटल्या, तीन टोप्या, मूगडाळ-तांदूळ आणि छोटा कुकर.

काकूंनी कुकर बाहेर काढला.

"काकू, ती बाहेरचं काहीच खात नाही हो," स्नेहल म्हणाली.

"भुकेलं लेकरू फोडणीची वाट बघत न्हाई. ठेव हितंच."

टोप्या दोन निघाल्या. दूध निम्मं झालं. मग एक निळा पाऊच हाताला लागला. हे काय, म्हणून काकूंनी माझ्याकडं पाहिलं. ओवीला हिवाळ्यात तापात झटका आला होता. हातपाय ताठ, डोळे वर. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला होता. तो अंबाजोगाईशिवाय मिळत नव्हता. तेव्हापासून स्नेहल त्या पोरीला घेऊन आमच्या घराशिवाय कुठंच गेली नव्हती. मी हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं. काकूंनी पाऊच परत आत ठेवला, सगळ्यात वर, आणि चेन लावली.

मग त्यांना आठवलं, की मंगळवारी अमावास्या.

"अमुशाला निघायलाव? मग बॅग आजच माज्या घरी टाका. पस्तान ऱ्हाऊ द्या."

हे पस्तान म्हणजे प्रस्थान. निघायचा दिवस वाईट असेल तर चांगल्या दिवशी सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला, असं धरतात. एकच अट: ठेवलेलं सामान माघारी घरात आणायचं नाही. गल्लीतल्या सगळ्यांचं पस्तान काकूंच्या ओसरीवर पडायचं. माझा यावर विश्वास नाही. पण माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, मृग तोंडावर होता, वाद घालायला वेळ नव्हता. मीच बॅग उचलून रस्त्यापलीकडं ठेवून आले. पाऊच आत आहे हे मला माहीत होतं. दोन रात्रींनी काय होतंय, असं वाटलं.

सोमवारी दुपारी ओवीला ताप भरला. लाइट गेलेली, आमचं स्लॅबचं घर भट्टीसारखं तापलेलं. स्नेहलनं तापाचं औषध पाजलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, स्प्रे." मी चप्पल न घालता पळाले.

"काकू, बॅग द्या. ओवीला ताप आलाय."

काकू बॅगेच्या आणि माझ्या मधे उभ्या राहिल्या. "बॅग माघारी जायची न्हाई."

"मग पोरगी मरू द्यायची का?" मी ओरडले.

"तोंड सांभाळ. बॅग न्हाई जायची म्हणले. लेकरानं येऊ ने म्हणले का? जा, घिऊन ये तिला." असं म्हणेपर्यंत त्यांनी चेन उघडून पाऊच हातात घेतलासुद्धा होता, पण तोही उंबऱ्याबाहेर सोडेनात. भांडण्यापेक्षा रस्ता ओलांडणं लवकर झालं असतं. मी तेच केलं.

काकूंचं घर माळवदाचं, मातीच्या छताचं. आत गार होतं. हे कारण काकूंनी मागून जोडलं. त्या क्षणी त्यांचा नुसता हट्ट होता, आणि तो मला अजून मान्य नाही. ओवीला सतरंजीवर निजवलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, कोमट पाण्यानं अंग पुसा, स्प्रे हाताशी ठेवा, झटका आला तर मारा आणि लगेच घेऊन या. स्नेहल पुसत होती. मी पोरीच्या डोळ्यांकडं बघत होते. काकूंनी स्प्रे मुठीत आवळून धरला होता. तो कसा मारायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी मला देईनात. शेवटी बोटं उलगडून घ्यावा लागला.

ऊन कलल्यावर ओवीच्या कपाळावर घाम आला. मग मानेवर. तिनं डोळे उघडले, माळवदाकडं पाहिलं आणि म्हणाली, "पानी." पाणी प्याल्यावर म्हणाली, "पालना कुठंय?" तिला वाटलं, आपण पार्कात आलो.

स्नेहलला हुंदका फुटला.

"आता कशाला रडायलीस?" काकू म्हणाल्या. "रडायची येळ गेली की. ऊठ, चहा टाक."

संध्याकाळी संदीप आला तर घराला कडी आणि आम्ही सगळ्या समोर. "तुम्ही इथं काय करताय?" त्यानं विचारलं.

"तुजे लोक कालच निगाले बाबा," काकू म्हणाल्या. "तूच मागं ऱ्हायलास."

डॉक्टरांनी दोन दिवस थांबायला सांगितलं. संदीपनं मोबाइलवर तारीख बदलून शुक्रवारची घेतली. काकूंनी बोटांवर मोजून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "अमुशा टळली म्हण की." त्यांच्याशी वाद जिंकता यायचा नाही तो असा.

शुक्रवारी आम्ही गेलो. ओवी पाण्यात खिदळली, हॉटेलात दोन वेळा वरणभात जेवली. काकू यंदा संक्रांतीच्या आधी गेल्या, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यांच्याबद्दल लोक पुष्कळ सांगतात. मला तो अमावास्येचा मंगळवार सांगावासा वाटतो.

रात्री आम्ही काकूंकडंच निजलो होतो; त्या सकाळी उठून मी आधी ओवीच्या पोटाला हात लावला. गार होतं. काकू तिला भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून भरवत होत्या आणि ती मुकाट्यानं खात होती. स्नेहल भिंतीला टेकून झोपली होती, कितीतरी महिन्यांनी अशी गाढ. मी तिला उठवलं नाही. बॅग, पाऊच, नात, सून, सगळं काकूंच्या ओसरीवर ठेवलं, मोकळ्या हातानं रस्ता ओलांडला आणि दुकान उघडलं.