पुराव्याच्या पोळ्या

आमच्या जंगल खात्यात गडचिरोलीला बदली झालेल्या माणसाकडे लोक भेटायला येत, ते थेट सांत्वनालाच. कुणी मलेरियाच्या गोळ्या आणून देई, कुणी बदली रद्द करण्याची वाट सांगे. दोन-तीन वर्षं कशीबशी काढायची आणि चंद्रपूरला परत यायचं, हा सगळ्यांचा रिवाज. मुदत संपल्यावर आणखी तिथेच ठेवा म्हणून अर्ज करणारा अख्ख्या खात्यात मी एकटाच निघालो. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "बाबू, बरं हाये ना तुमचं?"

बरं नव्हतं म्हणूनच अर्ज केला होता. पण काय बरं नव्हतं ते मलाच ठाऊक नव्हतं, तर साहेबांना काय सांगणार?

मी लाकूड डेपोत कारकून. डेपो हेमलकशाच्या वाटेवर, चारही बाजूंनी साग. बायको चंद्रपुरात शाळेवर मास्तरीण, त्यामुळे ती तिकडे, मी इकडे. मूलबाळ आम्हाला नव्हतं, म्हणून तिच्या सगळ्या काळजीचा मी एकटाच धनी. नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं आम्ही असा बसच्या वेळापत्रकावर संसार केला.

आम्ही मूळ पोंभुर्ण्याकडचे, धानाच्या बांध्यांतले, भात खाणारे. लहानपणी आमच्या घरी पोळी सणाला होई, तीही पाहुण्याच्या ताटात आधी. गहू आमच्या घरात खऱ्या अर्थानं आला तो बायकोबरोबर. ती अमरावतीकडची. तिच्या पोळीला चार पदर सुटायचे, आणि कणकेचे रोडगे तर असे भाजायची की शेजारपाजारचे वास घेत यायचे. लग्न झाल्यावर वर्षभरात मी दोन्ही वेळा पोळी खाणारा सुधारलेला माणूस झालो, आणि त्याच वर्षी माझं पोट बिघडलं. पोट फुगायचं, ढाळ लागायचे, तोंड यायचं, वजन उतरायचं. एका डॉक्टरने आव म्हटली, दुसऱ्याने जंत, वैद्याने संग्रहणी. एका पोळ्याच्या सणाला सगळे जेवायला बसलेले असताना माझी आई सहज बोलून गेली, "हिच्या हातचं त्याले मानवत नाई." मी हसलो आणि विसरून गेलो.

मग गडचिरोलीची बदली झाली. तिथे डेपोचा चौकीदार माझं जेवण रांधायचा. साठीला टेकलेला गोंड गडी, बोलणं मोजकं. सकाळी पेज, दुपारी भात नि वरण, कधी नदीचे मासे, कधी मोहाच्या दिवसांत भलतंच काही. त्या भागातली गिरणी फक्त धान काढायची, गहू दळायला तालुका गाठावा लागे, म्हणून आम्ही तो विषयच काढला नाही. दोन महिन्यांत माझे गाल भरले. मलेरिया झाला, पण पोट घड्याळासारखं चालू. गडचिरोलीला जाऊन लट्ठ झालेला मी पहिलाच.

सुटीला घरी यायचो. बायको बघायची आणि म्हणायची, "जंगलात धड खायले भेटत नसन." मग तुपाच्या पोळ्या, शिरा, सांजोऱ्या. चौथ्या दिवशी मी परसाकडे पळत असायचो. दहाव्या दिवशी परतीच्या बसमध्ये बसलो की जीव हलका व्हायचा. हे दर सुटीला चाललं, तरी आम्हा दोघा शिकलेल्या माणसांना उमगलं नाही. आजारी माणसाला भात जड, पोळी हलकी, हे तिच्या माहेरी लहान लेकरूसुद्धा सांगेल. म्हणून मी जितका आजारी, तितक्या पोळ्या जास्त.

मुदतवाढीच्या अर्जाची नक्कल तिला माझ्या बॅगेत सापडली. ती कागद हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"तिथी कोन हाये?"

"चौकीदार हाये," मी म्हणालो. "मिशा हायेत त्याले."

ती हसली नाही. "मी खरं इचारून राह्यली. घरी आले का तुमी बिमार पडता. तिथी गेले का चांगले होता. लोक मले इचारते, म्या काय सांगू?"

मी चिडलो. माझा स्वभावच तसा, खरं असलं की आवाज चढतो, आणि चढलेला आवाज खोट्यासारखा वाटतो. ती म्हणाली, अर्ज मंजूर झाला तर ती भावाकडे अमरावतीला निघून जाईल, कायमची. तिचा राग मला समजला. पण तिचा प्रश्न डेपोवर परत येईपर्यंत माझ्याच मागे लागला. तिथे कुणी बाई नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी घरी आजारी का पडतो? माझं मन घरात नाही की काय? माणूस तोंडाने खोटं बोलू शकतो, पोटाने कसा बोलेल? मला माझाच संशय यायला लागला.

अर्जाचा निकाल लागेना आणि बदलीचा हुकूमही येईना, म्हणून मी डेपोवरच राहिलो. त्या वर्षी पावसाळ्यात नाल्यांनी वाट अडवली. पाच महिने मी घरी गेलोच नाही. दिवाळीला गेलो, चार करंज्या खाल्ल्या आणि पुन्हा तेच. या वेळी बायकोने मला धरून नागपूरला नेलं, पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सिलिअ‍ॅक नावाचा आजार असू शकतो म्हणाले, गव्हाने आतडं खराब होतं म्हणाले, आणि रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आला. काहीच नव्हतं.

बायको खुर्चीत ताठ बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आजार नाही म्हणजे दुसरं काय ते ठरलंच, असं तिच्या मानेवर लिहिलेलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "तिकडे जंगलात तुम्ही गहू किती खाता?"

"अजिबात नाही."

"मग ही तपासणी फुकट गेली," ते म्हणाले. गहू पोटात जात असेल तरच रक्तात खूण सापडते, बंद केला की खूण पुसली जाते. आता दोन महिने रोज चार पोळ्या खायच्या आणि मग पुन्हा यायचं.

"म्हणजे आजारी हाये का नाई ते कळायले आधी आजारी पडायचं?" मी विचारलं.

"तसंच काहीसं."

मी दोन महिन्यांची रजा टाकली. रोज सकाळी बायको शाळेत जायच्या आधी दोन पोळ्या लाटे, संध्याकाळी दोन. आमच्यात बोलणं नव्हतं, पोळ्याच होत्या. पहिले आठ दिवस मला काहीच झालं नाही. मी धडधाकट राहिलो तर मेलोच की! सकाळी देवापुढे उभा राहून मी जुलाब मागितले. असं साकडं त्या देवाला आजवर कुणी घातलं नसेल.

देवाने ऐकलं. दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं ते थांबेना. तिसऱ्या आठवड्यात मी भिंत धरून चालत होतो. एका संध्याकाळी मी पाटावर बसलो, तर तिचा हात लाटता लाटता थांबला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मले नाई पायजे पुरावा."

"लाट."

"मराल ना तुमी!"

"लाट म्हनतो ना."

तिने लाटली. डोळ्यांतलं पाणी पदराने पुसत लाटली, आणि मी ती खाल्ली. त्या क्षणी तिला काय हवं होतं, मला नक्की सांगता येत नाही. मी आजारी निघावं, की निघू नये? मला वाटतं, तिलाही सांगता आलं नसतं. मला मात्र जिंकायचं होतं, एवढं आठवतं.

दोन महिन्यांनी रक्तात खूण सापडली. दुर्बीण घालून आतड्याचा कण काढला, त्यातही तेच निघालं. गहू, रवा, मैदा, जव जन्मभर बंद. परतीच्या बसमध्ये मी विजयी वीरासारखा खिडकीशी बसलो होतो. वरोऱ्याला बस थांबली. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं." मी म्हटलं, "बघ, सांगत होतो ना." काय सांगत होतो मी? काहीच तर नाही. आज त्या वाक्याची लाज वाटते.

तिने घरातलं पीठ वाटून टाकलं, नवा तवा आणला, पोळपाट माळ्यावर टाकला. ज्वारी ती पहाटे गिरणीवर नेई, जात्यात कुणाचा गहू पडायच्या आधी. लग्नात कुणी "एका घासानं काय होते?" म्हटलं की तीच माझ्या ताटावर हात आडवा धरी. तिला भाकरी नीट जमेना, कडा फाटत. तरी मी भाकरी, भात, वरण खाऊन तृप्त.

आणि तरीही घरी आलो की आठवड्याभरात पोट बिघडायचं. पूर्वीइतकं नाही, पण बिघडायचं. डेपोवर परत गेलो की ठीक. आता माझी मतीच गुंग झाली. गहू गेला, आजाराचं नाव सापडलं, मग हे काय? ती काही विचारत नव्हती. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

उन्हाळ्याच्या सुटीत तिने बॅग भरली आणि म्हणाली, "मी येते तिथी." आली ती आपला मसाल्याचा डबा घेऊन. चौकीदाराला बाजूला सारून चुलीचा ताबा घेतला. कोपऱ्याकोपऱ्यात तिची नजर कुणाला तरी शोधत होती, आणि सापडत होते ते सागाचे ओंडके. दोन दिवस ती खुशीत होती. तिसऱ्या दिवशी डेपोवर, माझ्या त्या बिनधोक डेपोवर, मी पहिल्यांदा आजारी पडलो.

मी खाटेवर पडलो होतो. ती साड्या बॅगेत भरत होती. चौकीदार दारात उभा राहिला.

"बाई, तुमच्या डाळीले वास कायचा येते? आमी तसं काई टाकत नाई."

"हिंग," ती म्हणाली. "तुमी हिंग नाई टाकत?"

"आमी लसून टाकतो."

तिने मसाल्याच्या डब्याशेजारची हिंगाची डबी उचलून दारातल्या उजेडात नेली. मागे इंग्रजीत मुंगीएवढी अक्षरं होती. तिने चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं आणि उंबरठ्यावर बसली.

"याच्यात गव्हाचं पीठ हाये," ती म्हणाली.

मी उठून बसलो. ती डबीकडेच बघत होती.

"म्हंजे मी नाई?"

"काय तू नाई?"

"तुमाले बाधत होतं ते. तुमच्या आईनं म्हटलं होतं, सगळ्यायच्या समोर. तुमी हासले होते."

मला पोळ्याचा तो दिवस आठवला. माझ्या तोंडातला घास, आईचं सहज बोलणं, माझं हसणं. इतकी वर्षं मी समजत होतो की ती माझी उलटतपासणी करते आहे. आणि ती बिचारी प्रत्येक पोळी लाटताना स्वतःलाच विचारत होती, या माणसाच्या अंगाला मीच सोसत नाही की काय. तिथी कोन हाये, या प्रश्नात तरी तिला आशा होती. दुसरी बाई असती, तर निदान दोष तिच्या हातचा नव्हता. आणि मी दोन महिने हट्टाने तिच्याच हातून विष लाटून घेतलं होतं, माझं खरं ठरवायला.

चौकीदार हळूच निघून गेला.

संध्याकाळी तिने लसणाच्या फोडणीचं वरण केलं. मी जेवलो, ती नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, ओंडक्यांच्या रांगांमधून एक चक्कर मारून आलो आणि चुलीशी येऊन उभा राहिलो. तिने फुंकणी खाली ठेवून वर बघितलं. विचारायचा धीर तिला होईना.

"नाई," मी म्हणालो. "तू नाई."